पट्टा मारला की सुरी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा बोथट: नेमकं बिघडतं कुठे

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. सुरी दगडावर घासली, मग चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिशची हिरवी वडी चोळून त्यावर वीस-तीस वेळा ओढली. कागद सर्रकन कापला गेला. तिसऱ्या दिवशी मात्र टोमॅटोची साल दाबल्याशिवाय फुटत नाही. पुन्हा पट्टा मारायचा, पुन्हा एखाद दिवसाचं सुख. ठाणे-नवी मुंबईत या तक्रारीला एक जोड असते: एप्रिल-मेमध्ये नीट चालणारा पट्टा जुलैत कामच करेनासा होतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. पट्टा बोथट सुरीला धार लावत नाही. दगडाने काढलेली धार तो साफ आणि गुळगुळीत करतो, एवढंच. हजार नंबरच्या दगडातला कण साधारण 15 मायक्रॉनचा असतो. हिरव्या वडीतला क्रोमियम ऑक्साइडचा कण असतो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. जिथे 15 मायक्रॉनच्या कणाने घासून काढायचं काम बाकी आहे, तिथे अर्ध्या मायक्रॉनचा कण शंभर वेळा फिरवला तरी काठ नुसता चकचकीत होतो. त्या चकाकीवर विश्वास ठेवू नका. आरशासारखा चमकणारा, पण गोल झालेला काठ हीच या दुखण्याची सगळ्यात नेहमीची खूण आहे.

आधी दोष ओळखा

मोबाइलचा टॉर्च, कान साफ करायची कापसाची काडी आणि काळा पर्मनंट मार्कर, एवढ्यावर दहा मिनिटांत निदान होतं.

सुरीची धार वर करून धरा आणि टॉर्चचा उजेड सरळ काठावर टाका. सुरी थोडी मागेपुढे कलती करत पाहा. चांगल्या काठाला डोळ्याला दिसेल अशी रुंदीच नसते, त्यामुळे उजेड परत येत नाही. जिथे पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ चमकते, तिथे काठ चपटा, गोल किंवा दुमडलेला आहे. बहुतेक सुऱ्यांवर ही चमक टोकाकडच्या वळणावर आणि मुठीजवळच्या दोन बोटं जागेत सापडते, कारण दगडावर नेमके तेच भाग सुटतात.

मग कापसाची काडी पात्याच्या बाजूवरून, पाठीकडून धारेकडे, अलगद सरकवत धारेच्या बाहेर काढा. पूर्ण लांबीत, दोन्ही बाजूंनी. एका बाजूने तंतू अडकतात आणि दुसऱ्या बाजूने अडकत नाहीत, असं झालं तर काठावर ‘बर’, म्हणजे एका बाजूला वळलेल्या पोलादाची पातळ किनार, उभी आहे.

तिसरी तपासणी मार्करची. धारेलगतचा उतार दोन्ही बाजूंनी काळा करा, पट्ट्यावर नेहमीसारखे चार हात मारा (एक हात म्हणजे सुरी एकदा ओढणं) आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहा. काठापाशी शाई तशीच आणि वरच्या कडेला पुसलेली असेल तर कोन कमी पडतोय. फक्त अगदी टोकाची शाई गेली आणि वरचा उतार काळाच राहिला तर कोन जास्त आहे. सगळा उतार एकसारखा पुसट झाला तर हात बरोबर चाललाय.

टॉर्चला चमक दिसते पण तंतू अडकत नाहीत, अशा सुरीला पट्ट्यावर नेऊ नका, दगडावर परत न्या. तंतू अडकत असतील तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. दोन्ही तपासण्या स्वच्छ निघूनही सुरी गाजरात रुतते आणि गाजर चिरण्याऐवजी फाकवते, तर काठामागचं पातंच जाड आहे. तो दोष पट्ट्याचा नाही, दगडावर पातं पातळ करूनच जाईल.

बर: दहातल्या सात तक्रारींचं मूळ, आमच्या अंदाजाने

दगडावर एक बाजू घासत काठापर्यंत पोचलो की तिथलं पोलाद इतकं पातळ होतं की ते घासलं जायच्या ऐवजी पलीकडच्या बाजूला वळतं. ही जी पातळ पत्र्यासारखी किनार उभी राहते तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. दगड काठापर्यंत पोचला याचा तोच पुरावा, त्यामुळे बर निघणं चांगलंच. बिघडतं ते ती न काढता पट्ट्यावर गेल्याने.

पट्टा या किनारीला तोडत नाही. ती सरळ उभी करून चकाकवतो. किनार कमालीची पातळ असल्यामुळे कागद सुरेख कापला जातो, हातावरचे केसही उडतात, आणि काम झालं असं वाटतं. मग पहिल्या-दुसऱ्या दिवशी चॉपिंग बोर्डवर आपटून ती एका बाजूला आडवी होते. पुन्हा पट्टा मारला की पुन्हा उभी राहते. तार दोन्हीकडे वाकवत राहिलं की तुटते, तशी दोन-चार फेऱ्यांत ही किनार तुटते आणि खाली उरतो खडबडीत, बोथट काठ. ‘पट्ट्याने धार येते पण टिकत नाही’ म्हणतात ते हेच.

बाजारातल्या साध्या स्टेनलेस सुऱ्या बहुधा 54 ते 56 रॉकवेल कडकपणाच्या असतात (आकडा जितका मोठा तितकं पोलाद कडक). हे पोलाद नरम आणि चिवट, त्यामुळे त्यांची बर लवकर सुटत नाही. 60 च्या वरच्या जपानी सुऱ्यांची बर ठिसूळ असते, पटकन निघते. म्हणजे स्वस्त सुरीला जास्त निगुतीने हाताळावं लागतं.

बर काढायची ती दगडावरच. क्रम असा:

1. एका बाजूला पूर्ण लांबीत बर येईपर्यंत घासा, मग दुसऱ्या बाजूला तसंच. टोक आणि मुठीकडचा भाग काडीने तपासून घ्या.
2. आता दाब निम्मा करा आणि बाजू बदलत जा: पाच-पाच, तीन-तीन, दोन-दोन, मग एक-एक असे सहा-सात वेळा. या वेळी धार पुढे ठेवून ढकला, दगडाचा पातळ पापुद्रा कापल्यासारखी.
3. पाठ आणखी किंचित उचला, साधारण 3 ते 5 अंश, आणि फक्त सुरीच्या वजनाने, धार पुढे ठेवूनच, प्रत्येक बाजूला दोन हात मारा. किनार मुळाशी कापली जाते ती इथे. तीनपेक्षा जास्त हात नकोत.
4. मूळ कोनावर परत येऊन एक-एक असे चार हलके हात.
5. कापसाची काडी फिरवा. कुठेही तंतू अडकला तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा.

हे झाल्यावर पट्ट्यावर प्रत्येक बाजूला आठ-दहा हात पुरतात. पन्नास हातांची गरज भासत असेल तर दगडावरचं काम अर्धवट राहिलंय असं समजा.

सायकलवर चाक लावून गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून सुरी पाजवून घेतली असेल तर ती तशीच पट्ट्यावर नेऊ नका. चाक जलद फिरतं आणि कोरडं असतं, त्यामुळे बर जाड येते. तिला हजार नंबरच्या दगडावर वरच्या पायऱ्यांतून न्या. काठावर कुठे निळसर डाग दिसला तर तिथलं पोलाद निदान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलंय. तेवढा भाग नरम पडलेला असतो आणि कशानेही धार धरत नाही. तो घासून मागे जाईपर्यंत कळ काढावी लागते. पुढच्या वेळी धारवाल्याला सांगा: हात हलका ठेव, मध्ये मध्ये पाण्यात बुडव. बहुतेक जण ऐकतात.

कोन, दाब आणि हात उचलायची घाई

पट्ट्यावर सुरी नेहमी पाठ पुढे आणि धार मागे अशीच ओढायची. उलट केलं तर चामडं कापलं जातं.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. पात्याची रुंदी, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर, मोजा. पाठ या रुंदीच्या चौथाईइतकी वर उचलली की जवळपास 15 अंश होतात, तिसऱ्या हिश्श्याइतकी उचलली की जवळपास 20 अंश. 40 मिलिमीटर रुंदीच्या सुरीला 10 मिलिमीटर उचललं की 15, आणि साडेतेरा मिलिमीटर उचललं की 20. छोट्या 20 मिलिमीटरच्या सुरीला त्याच्या निम्मं. दगडावर 20 अंशांनी घासून पट्ट्यावर 25 ने ओढली तर दर हाताला काठ गोल होत जातो. शंका असेल तेव्हा कोन किंचित कमीच ठेवा. चामडं थोडं दबतं आणि काठाला वरून वेढतं, तो फरक तेच भरून काढतं.

याच दबण्यामुळे दाब घातक ठरतो. पट्टा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि नेहमीचा हात मारून पाहा. बऱ्याच जणांचा आकडा एक किलोच्या पुढे जातो. स्वयंपाकाच्या सुरीला 200 ते 300 ग्रॅम भरपूर झाले. पाच-सहा हात काट्यावर मारले की अंदाज हातात बसतो, आणि आमच्या मते ही सवय कुठल्याही महागड्या वडीपेक्षा जास्त उपयोगी आहे.

आणखी एक चूक मार्करच्या तपासणीतही सहज सापडत नाही. हात संपताना मनगट वळतं आणि सुरी चामड्यावरून सुटता सुटता पाठ वर जाते. शेवटच्या एका सेंटिमीटरमध्ये कोन 20 वरून 40 वर जातो, आणि आधीच्या वीस सेंटिमीटरमध्ये केलेलं काम तिथे पुसलं जातं. उपाय सोपा आहे, जरा कंटाळवाणा आहे: पट्ट्याच्या शेवटी सुरी थांबवायची, पूर्ण थांबल्यावर सरळ वर उचलायची. बाजू पालटताना पाठ चामड्याला टेकलेली ठेवून पाठीवरूनच फिरवायची, धारेवरून कधीच नाही. पट्ट्यावर आडवे काप पडलेले दिसले तर चूक इथेच होतेय. टोकाकडच्या वळणावर मूठ थोडी उचलावी लागते, म्हणजे वळणाचा उतारही चामड्याला टेकतो. टोक पट्ट्याच्या बाहेर घसरू देऊ नका, चामड्याच्या कडेवरून सरकलं की टोक गोल होतं.

पट्टा ओट्यावर सरकत असेल तर खाली ओलं फडकं घाला आणि पुढचं टोक भिंतीला टेकवा. सरकत्या पट्ट्यावर कोणाचाच कोन टिकत नाही.

वडी: कोणती, किती, आणि काळी पडल्यावर

हार्डवेअरच्या दुकानात, विशेषतः वागळे इस्टेटच्या आसपास किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात, बफिंगची वडी मागितली की हिरवी, पांढरी, तपकिरी, काळी असे प्रकार समोर येतात. काहीजण तिला लस्टर म्हणतात, काहीजण बफिंगचा साबण. धारेसाठी हिरवी घ्या. तपकिरी आणि काळ्या वड्या भरड असतात, त्या वेल्डिंगचे डाग आणि ओरखडे घालवायला. सोनारांची लाल वडी लोह ऑक्साइडची. ती सोन्याचांदीला छान, पण कडक केलेल्या पोलादापुढे फारशी टिकत नाही. पट्टा काळा होतच नाही अशी तक्रार असेल तर बहुधा लाल वडी वापरात असते. टूथपेस्टचंही तेच. तिच्यातले कण दातांसाठी केलेले, नरम. शिवाय तिच्यातलं पाणी चामडं भिजवतं.

बफिंगच्या हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइडबरोबर बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं, आणि कणाचा आकार वडीवर छापलेला नसतो. म्हणून नवी वडी आधी तपासा. गुळगुळीत चकचकीत स्टीलची जुनी वाटी घ्या, सुती फडक्यावर वडी घासून वाटीच्या तळावर वीस वेळा चोळा. तळ धुरकट झाला किंवा डोळ्यांना ओरखडे दिसले तर ती वडी धारेच्या कामाची नाही.

पावडर-स्टीलच्या, म्हणजे धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या पोलादाच्या, महाग सुऱ्यांवर हिरवी वडी अपुरी पडते. त्यांच्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक असतात. तिथे 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट लागते.

आता प्रमाण. चामड्याची साइज 6 सेंटिमीटर बाय 25 सेंटिमीटर धरली तर हिरवी वडी खडूसारखी एकदा उभी, एकदा आडवी फिरवली की बास. खालचं चामडं हिरव्यातून दिसत राहिलं पाहिजे. वडी कडक असेल आणि चिकटत नसेल तर हेअर ड्रायरने चामडं अर्धा मिनिट कोमट करून घ्या, वडीतलं मेण सुटतं आणि थर एकसारखा बसतो. डायमंड पेस्ट असेल तर मुगाच्या दाण्याएवढे पाच-सहा ठिपके, बोटाने पसरलेले. जाड थर म्हणजे जास्त धार, हा समज चुकीचा आहे. जाड थरात सुरीपुढे मेणाची लाट उभी राहते आणि काठ तिच्यात रुतत जातो, परिणाम पुन्हा गोल काठ.

चालू पट्टा पाच-सहा हातांतच करडा पडायला लागतो. तो काळेपणा म्हणजे सुरीवरून निघालेलं पोलाद, म्हणजे काम चाललंय. पण महिना-दोन महिन्यांनी पट्टा काळा, चकचकीत आणि निसरडा झाला की कण धातूच्या भुकटीखाली दबलेले असतात. त्यावर नवी वडी चोळण्यात अर्थ नाही. जुनं प्लास्टिकचं कार्ड उभं धरून थर खरवडा, उरलेला भाग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने एका दिशेने घासा, कोरड्या ब्रशने झटका, मग नवी वडी. एका पट्ट्यावर एकच वडी. हिरव्यावर चुकून भरड वडी लागली तर खरवडूनही ते कण पूर्ण निघत नाहीत, चामडं पालटणंच बरं.

तेलकट सुरी पट्ट्यावर नेऊ नका, वडीच्या गुठळ्या होतात. आणि पट्टा मारल्यावर सुरी साबणाने धुऊनच भाजीला लावा. हिरव्या वडीतलं क्रोमियम हे विषारी षट्संयुजी क्रोमियम नव्हे, तरी मेण आणि धातूची भुकटी कोशिंबिरीत कशाला?

चामडं, आणि खाडीकाठचा पावसाळा

इथे आपल्या भागाची खरी अडचण आहे. कागदावरच्या सूचना कोरड्या हवेच्या असतात. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, कळवा, चेंदणी, सगळीकडे खाडी हाकेच्या अंतरावर आणि जून ते सप्टेंबर हवा ओलसर. चामडं हवेतली ओल पितं, फुगतं, नरम होतं. नरम चामडं त्याच 250 ग्रॅम दाबाला जास्त दबतं आणि काठाला जास्त वेढतं. तुमचा हात बदललेला नसतो, पट्टा बदललेला असतो. पावसाळ्यात धार टिकत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून चामडं निवडतानाच काळजी घ्या. बॅग, सोफा, जॅकेट यांचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, मऊ आणि लवचिक, पट्ट्याला अयोग्य. हवं ते झाडाच्या सालीने कमावलेलं, कडक, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत किंवा चपलेच्या चांगल्या कारागिराकडे असा तुकडा मिळतो. जाडी 2 ते 3 मिलिमीटर, त्याहून जास्त नको, जितकं जाड तितकं जास्त दबणार. नखाने दाबून पाहा: खळगा लगेच भरून आला आणि चामडं स्पंजासारखं वाटलं तर सोडून द्या. गुळगुळीत बाजू वर ठेवा. तिला कारखान्यातलं चकचकीत लेपन असेल तर 320 च्या पेपरने ते घालवा, नाहीतर वडी धरत नाही.

खालचा आधारही महत्त्वाचा. एमडीएफची फळी पावसाळ्यात कडेने फुगते आणि पट्टा मध्ये खोलगट होतो. मोजपट्टीची कड पट्ट्यावर उभी ठेवा, खालून उजेड आला की फळी वाकली. 18 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, जुन्या सागवानाची फळी किंवा घरात उरलेल्या व्हिट्रिफाइड टाइलची पट्टी, यातलं काहीही चालेल. टाइल सगळ्यात सपाट राहते, मात्र तिच्या कडा घासून घ्या. चिकटवायला पांढरा डिंक नको, त्यातल्या पाण्याने चामडं फुगतं आणि ओलसर दिवसांत कडा सुटतात. चपलेवाल्यांचं पिवळं सोल्यूशन घ्या. दोन्ही पृष्ठांवर पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेल पण दोरे निघणार नाहीत अशा वेळी जोडा, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा.

चार महिने पट्टा कुठे ठेवायचा? सिंकजवळ नाही, खिडकीत नाही, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनही नाही, आत ओल कोंडून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात, सोबत 50 ग्रॅम सिलिका जेलची पुडी. पुडी ओली झाली की वाळवून पुन्हा ठेवायची. वापरण्याआधी पट्टा तासभर पंख्याखाली उघडा ठेवला तरी फरक जाणवतो.

बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झटका, सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा आणि दिवसभर पंख्याखाली वाळू द्या. उन्हात नको. ऊन लागलं की चामडं आकसतं, कडा वळतात, चिरा पडतात. मग वडी नव्याने लावा, जुनी पुसण्यात गेलेलीच असते. चामड्याला तेल पाजू नका. चपलेला, बुटाला तेल ठीक, पट्ट्याला त्याने हवा तो कडकपणाच जातो.

दर पावसाळ्यात हा त्रास होत असेल तर चार महिने चामडं बाजूला ठेवायला हरकत नाही. टाइलच्या पट्टीवर साध्या झेरॉक्स कागदाचे दोन पदर ताणून चिकटपट्टीने बसवा, वर हिरवी वडी फिरवा. कागद जवळजवळ दबत नाही, त्यामुळे काठ गोल होण्याचा धोका कमी, आणि खराब झाला की फेकून नवा. नवशिक्यांना आम्ही बाराही महिने कागदच सुचवू.

हवेतल्या ओलीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा दुसरा फटका थेट काठाला बसतो. साध्या पोलादाची सुरी आणि विळी चार दिवस तशीच ठेवली की सगळ्यात आधी गंजतो तो काठ, कारण तिथे पोलाद सगळ्यात पातळ. न वापरताच बोथट झाली म्हणतात ते यामुळे. धुऊन पुसून खोबरेल तेलाचं एक बोट फिरवून ठेवा, आणि पुढच्या वेळी पट्ट्याआधी तेल पुसा.

विळी, पटाशी, वस्तरा

विळीचं पातं जागचं हलत नाही आणि वळणदार असतं, म्हणून पट्टाच हलवायचा. 30 सेंटिमीटर लांब, 2 ते अडीच सेंटिमीटर रुंद लाकडी पट्टीवर चामडं चिकटवा, एका टोकाला मुठीसाठी जागा सोडा. विळी मिटवून आडवी ठेवा, धार तुमच्यापासून दूर. हात पाठीच्या बाजूला ठेवून पट्टी उतारावर टेकवा आणि पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर ढकला. उचला, मागे आणा, पुन्हा. हात धारेच्या पुढे जाता कामा नये. विळी पालटून दुसऱ्या बाजूने तेवढेच हात. टोकाच्या खवणीला पट्टा लावायचा नाही.

पटाशी आणि रंध्याच्या पात्याची सपाट बाजू पट्ट्यावर पूर्ण आडवीच ठेवायची, मागून एक अंशही उचलायची नाही. ती बाजू गोल झाली की पटाशी सरळ रेषेत जात नाही, आणि ती पुन्हा सपाट करायला तासभर दगडावर बसावं लागतं. उताराची बाजू तिच्याच कोनावर, बहुधा 25 ते 30 अंश.

वस्तऱ्याची पाठ नेहमी चामड्याला टेकलेली असते, त्यामुळे कोनाचा प्रश्न येत नाही. तिथे दोष असतो लोंबत्या पट्ट्याचा. पट्टा सैल धरला की मध्ये झोळ पडतो आणि काठ गोल होतो. ताणून धरा, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने तीस-चाळीस हात, आणि रोजच्या चामड्यावर वडी नको.

दातेरी ब्रेडच्या सुरीची फक्त सपाट बाजू दोन-तीन हात, बर असेल तरच. सिरॅमिकच्या सुरीला हिरवी वडी काहीच करत नाही.

पट्ट्याच्या हाताबाहेरचं

ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा बोर्ड, स्टीलचं ताट यांवर चिरलं तर कुठलीही धार एका जेवणात दुमडते. लाकडी किंवा प्लास्टिकचा बोर्ड वापरा. चिरलेली भाजी धारेने खरवडून कढईत लोटू नका, सुरी उलटी करून पाठीने लोटा. सिंकमध्ये भांड्यांत टाकू नका. धार टिकण्यात या तीन गोष्टींचा वाटा मोठा आहे, आणि त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

रोजच्या वापराच्या सुरीला आठवड्यातून एकदा, प्रत्येक बाजूला आठ-दहा हात. असं पाच-सहा आठवडे किंवा त्याहून थोडं जास्त चालतं. ज्या आठवड्यात दहा हातांनंतरही टॉर्चखाली चमक उरते, त्या आठवड्यात दगड भिजत घाला. आणि पट्ट्याच्या मध्यभागी बोटाला खळगा लागायला लागला, किंवा आडवे काप एका हातावर मोजता येणार नाहीत इतके झाले, की चामडं उपटून नवं चिकटवा. फळी किंवा टाइल तीच ठेवा, जुनं सोल्यूशन मात्र पूर्ण खरवडून काढा. त्याची एक गाठ खाली राहिली तर नव्या पट्ट्यावर बरोबर त्याच जागी उंचवटा येतो.